आपला डोंगर

माझ्या लिहिण्याच्या मेजासमोरील भिंतीवर दोन चित्रे टांगलेली आहेत. एक आहे फ्रान्समधील थोर चित्रकार पॉल सेझान यांच्या उत्तरायुष्यातील एका जलरंगचित्राची छापील प्रत. दुसरे आहे दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने चित्रकलेच्या वहीत काढलेले निसर्गदृश्य. दोन्ही चित्रांत डोंगर आहे. घरी येणारे पाहुणे पहिल्या चित्रासमोर क्षणभर थबकतात आणि "हे अपुरे राहिले आहे काय?" असे विचारतात. दुसरे चित्र पाहून ते हसतात, कारण तसले चित्र प्रत्येकाने लहानपणी एकदा तरी काढलेले असते. ते दुसरे चित्र माझे आहे. ही दोन चित्रे मी शेजारी शेजारी का लावली, याची हकीकत थोडी लांबची आहे. पण ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. वऱ्हाडातील जुने लोक वरच्या भागाला बालाघाट आणि खालच्या भागाला पयनघाट म्हणत. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसले आहे. तेथून राजूर घाटाची वळणे उतरू लागले, की समोर पूर्णा नदीच्या खोऱ्याचा सपाट मुलूख उलगडत जातो. मोताळा, मलकापूर, नांदुरा ही सारी गावे त्या काळ्या जमिनीवरची. आमचे गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी होते. गावाच्या उत्तरेला कापसाची व ज्वारीची शेते दूरवर पसरलेली असत आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग एखाद्या प्रचंड तटबंदीप्रमाणे उभी असे. घराच्या ओट्यावर बसले, तरी डोंगर दिसे. विहिरीवर गेले, तरी दिसे. शाळेच्या खिडकीतूनही तोच दिसे. इतका सतत दिसत असल्यामुळेच की काय, मी त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते.

माझे आजोबा मात्र दररोज त्याच्याकडे पाहत. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. पहाटे उठून तोंड धुतले, की ते अंगणात उभे राहून काही वेळ दक्षिणेकडे दृष्टी लावीत. आभाळ माथ्याला टेकले आहे की वर उचलले आहे, घळींतून धुके निघते आहे की नाही, उतारावरचे गवत कोणत्या रंगावर आले आहे, हे सर्व ते मनाशी नोंदवून घेत. खळ्यावर ज्वारी पसरावी की झाकून ठेवावी, हे त्यांना डोंगर सांगे. फाल्गुनात पळस कोणत्या अंगाला आधी फुलला, उन्हाळ्यात पाने झडल्यावर सालईची पांढुरकी खोडे कोठवर दिसू लागली, हे ते घरात कोणी न विचारताही सांगत. त्यांना अक्षरओळख बेताचीच होती. परंतु तो डोंगर त्यांना पोथीसारखा वाचता येत असे.

मी चौथी-पाचवीत असताना दिवाळीच्या सुटीत आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी एक काम सांगितले. 'आपल्या गावचे निसर्गदृश्य' काढून रंगवून आणावयाचे होते. मी लगेच ओट्यावर बैठक मारली. रंगांच्या वड्यांची पत्र्याची पेटी उघडली, पेल्यात पाणी घेतले आणि तासाभरात चित्र पुरे करून टाकले. शेजारी शेजारी तीन टोकदार डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर येणारा लाल सूर्य, डोंगरातून निघून वळणे घेत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि झोपडीजवळ वाकलेले नारळाचे झाड. डोंगराला मी गडद निळा रंग दिला होता. चित्र मला फारच सुंदर वाटले आणि मी ते धावत जाऊन आबांना दाखविले.

आबांनी वही हातात घेतली, जरा दूर धरली, पुन्हा जवळ घेतली. मग त्यांनी विचारले, "काहून रे, हा डोंगर कोनाचा हाये?"

"आपला!" मी म्हणालो.

"आपला डोंगर असा टोकाचा कधी झाला? अन् हे नारयाचं झाड तुले कुठी दिसलं?"

मी गप्प झालो. आमच्या पंचक्रोशीत नारळाचे एकही झाड नव्हते. माझा हिरमुसलेला चेहरा पाहून आबा हसले. वही परत देत ते म्हणाले, "चित्र ब्येस हाये. पन तू डोंगर पायला नाई."

त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. परंतु तेव्हा लक्षात न आलेली एक गोष्ट पुढे कित्येक वर्षांनी मला आठवली. ते चित्र काढताना मी ओट्यावर उत्तरेकडे तोंड करून बसलो होतो. डोंगर माझ्या पाठीमागे होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला घेऊन शेताच्या बांधावर गेले. "आता पाय," एवढेच ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. मी पाहू लागलो, तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आमच्या डोंगराला टोक नव्हतेच. त्याचा माथा पाटासारखा सपाट होता. माथ्याखाली काळ्या खडकाचा उभा कडा, त्याखाली गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशा पायऱ्या पायथ्यापर्यंत आलेल्या होत्या. याचे कारण मला पुढे शाळेत कळले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ भाग पावसापाण्याने झिजला आणि कठीण भाग कड्यांच्या रूपाने उभा राहिला. आपल्या सह्याद्रीला, सातपुड्याला, अजिंठ्याच्या रांगेला जिकडेतिकडे अशा पायऱ्या दिसतात, त्या यामुळेच.

दुसरी गोष्ट दिसली ती रंगाची. डोंगर निळा नव्हता. निदान नेहमी निळा नव्हता. सकाळी पूर्वेकडच्या सोंडा तांबूस उजळल्या होत्या आणि घळींत जांभळी सावली साठली होती. दुपारी सूर्य दक्षिणेकडे गेला, तेव्हा सारा उतार करडा आणि पुठ्ठ्यासारखा सपाट दिसू लागला. सायंकाळी पश्चिमेच्या तिरप्या उन्हात वाळू लागलेले कुसळी गवत सोन्यासारखे झाले आणि दिवसभर न दिसलेली एकेक घळ वेगळी उमटली. एका दिवसात मी तीन डोंगर पाहिले होते. संध्याकाळी मी आबांना म्हणालो, "आबा, पुढच्या सुटीत मी हा डोंगर नीट काढीन." ते म्हणाले, "काढ. मी पाहीन."

पुढची सुटी आली आणि गेली. नंतरच्याही सुट्या गेल्या. शिक्षणासाठी मी शहरात राहिलो. अभ्यास, परीक्षा, मग नोकरीची खटपट यांत रंगांची पेटी कोठे पडली, हेही मला ठाऊक नव्हते. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी आबा वारले. निरोप मिळून मी गावी पोहोचलो, तेव्हा त्यांची खाट अंगणात उभी करून ठेवलेली होती आणि समोर डोंगर नेहमीसारखाच दिसत होता. आपण एका माणसाला काही शब्द दिला होता आणि तो आता कधीच पाळता येणार नाही, ही जाणीव मला त्या क्षणी प्रथम झाली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका ग्रंथालयात जाडजूड चित्रसंग्रह चाळीत असताना मला हे पहिले चित्र भेटले. ते सेझान यांनी १९०२ ते १९०६ या काळात काढले होते. तळाशी हिरव्या, पिवळसर, जांभळट रंगांचे पातळ ठिपके. त्यांतून कोठे झाड, तर कोठे घर असावे असा भास होतो. वर निळसर रेषांनी वेढलेला डोंगर. पण त्याचा बराचसा भाग कोराच. रंगाच्या खालून पेन्सिलीच्या रेघा स्पष्ट दिसतात. प्रथम मलाही ते चित्र अपुरेच वाटले. मी पान उलटले. दुसऱ्या पानावरही तोच डोंगर. तिसऱ्याही. मग मी मागे येऊन खालचा मजकूर वाचू लागलो आणि त्या दुपारी ग्रंथालय बंद होईपर्यंत तेथून उठलो नाही.

सेझान यांचा जन्म १८३९ साली फ्रान्सच्या दक्षिण भागातील एक्स या गावी झाला. गावाच्या पूर्वेला सेंत व्हिक्त्वार नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. उंचीने तो १,००० मीटरांहून किंचित अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे ठेंगणाच. शाळेत असताना सेझान आपला मित्र एमिल झोला याच्याबरोबर याच डोंगराच्या आसपास भटकत असत. हा झोला पुढे मोठा कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी पावला. वडील सावकारी पेढीचे मालक. मुलाने कायदा शिकावा अशी त्यांची इच्छा. मुलाने काही काळ कायदा शिकून पाहिला आणि अखेर पॅरिसची वाट धरली. तेथे १८७४ साली नव्या चित्रकारांच्या एका प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, तेव्हा लोकांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरावयास १८९५ साल उजाडावे लागले. तोवर त्यांचे वय छपन्न वर्षांचे झाले होते.

या काळात ते पुन्हा पुन्हा आपल्या गावी आणि आपल्या डोंगराकडे परतत राहिले. तैलरंगांत व जलरंगांत मिळून त्यांनी साठांहून अधिक वेळा तो एकच डोंगर रंगविला. १९०२ साली गावाबाहेर ले लोव्ह नावाच्या चढावर त्यांची नवी चित्रशाळा तयार झाली. तेथून थोडे वर चालून गेले, की डोंगर पूर्ण दिसे. साठी उलटलेला, मधुमेहाने थकलेला तो म्हातारा पाठीवर सामान घेऊन तेथे जाई आणि तासन्‌तास बसे. १९०६ च्या सप्टेंबरात नदीकाठी चित्रे काढीत असताना त्यांनी आपल्या मुलाला पत्र लिहिले. एकाच जागी बसून नुसते थोडे उजवीकडे वा डावीकडे कलले, तरी महिनोन्‌महिने पुरेल इतके काम समोर दिसते, असा त्या पत्राचा आशय आहे. हे वाचले आणि मला अंगणात उभे असलेले आबा आठवले.

जलरंगात काम करणे किती अवघड आहे, हे ज्याने हातात कुंचला धरला आहे, त्यालाच कळेल. तैलरंगात चुकलेल्या जागी पुन्हा रंग चढविता येतो. जलरंग पारदर्शक असतो. त्यात केलेली चूक झाकता येत नाही. आमचे गुरुजी म्हणत, "पांढरा रंग पेटीत शोधू नका, तो कागदात आहे." याचा अर्थ असा, की जेथे प्रकाश दाखवावयाचा, तेथे कागद कोरा सोडावयाचा. एकदा का तेथे रंग गेला, की तो प्रकाश हरवला. सेझान एक पातळ हात देत, तो पूर्ण वाळू देत आणि मगच त्यावर दुसरा देत. निळ्याखालून हिरवा आणि हिरव्याखालून कागद, असे सगळेच थर एकाच वेळी दिसत राहतात. ज्या जागेविषयी खात्री नसेल, ती जागा ते भरीत नसत. त्यांच्या चित्रातील तो कोरा भाग आळसामुळे राहिलेला नाही. जेवढे पाहिले तेवढेच मांडावे, न पाहिलेले दडपून मांडू नये, असा प्रामाणिकपणा त्यात आहे. माझ्या वहीतल्या चित्रात कोपरा न्‌ कोपरा रंगाने भरलेला होता. तेथे नारळाचे झाडसुद्धा होते. नव्हता तो फक्त डोंगर.

१५ ऑक्टोबर १९०६ रोजी सेझान उघड्यावर चित्र काढीत असताना वादळी पावसाने त्यांना गाठले. तशातही ते काम करीत राहिले आणि परतीच्या वाटेवर बेशुद्ध होऊन पडले. धोब्याच्या गाडीतून त्यांना घरी आणण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा उठले आणि आपल्या वृद्ध माळ्याचे अर्धवट राहिलेले चित्र पुढे नेण्यासाठी बागेत जाऊन बसले. त्यानंतर आठवडाभरात फुप्फुसाच्या दाहाने त्यांचे निधन झाले. पुढे पिकासो, ब्राक यांसारख्या चित्रकारांनी त्यांना आपले गुरू मानले आणि विसाव्या शतकातील चित्रकलेची वाट या एका माणसापासून वळली, असे जाणकार म्हणू लागले. परंतु मला राहून राहून वाटते, की त्या पावसात भिजणाऱ्या वृद्धाच्या मनात नवे युग आणण्याचा विचार नसावा. समोरचा डोंगर अजून नीट दिसला नाही, एवढीच त्यांची तळमळ असावी.

अशी तळमळ आपल्याकडे नव्हती असे नाही. कोल्हापूरचे आबालाल रहमान मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले, छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील चित्रकार. पण मोठ्या शहरातल्या मानमरातबाचा त्यांना मोह पडला नाही. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ हाच आपल्या पायाखालचा परिसर ते १९३१ साली देह ठेवीपर्यंत रंगवीत राहिले. आणि त्याहूनही मागे गेलो, तर आमच्या घरामागची डोंगररांग पश्चिमेकडे जेथे जाते, त्याच रांगेतील वाघुरा नदीच्या कड्यात दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक चित्रकारांनी अजिंठ्याची लेणी रंगविली. तेथील भित्तिचित्रांत राजे, भिक्षू, हत्ती, हंस आहेतच. पण त्यांच्यामागे जे खडक दाखविले आहेत, ते ठोकळ्यांवर ठोकळे रचल्यासारखे कोनाकोनांचे आहेत. ते पाहताना मला आमच्या डोंगराच्या पायऱ्याच आठवतात.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एका आश्विनात गावी गेलो. घराची वाटणी झाली होती, खळे मोडले होते आणि कापसाच्या बरोबरीने आता सोयाबीन आले होते. डोंगर मात्र होता. जाताना मी जलरंगांची एक नवी पेटी आणि जाड कागद बरोबर नेला होता. ज्या बांधावर आबांनी मला उभे केले होते, त्याच बांधावर मी बसलो. या वेळी तोंड दक्षिणेकडे करून. आठ दिवस मी रोज सकाळी तेथे गेलो. पहिल्या दिवशी काढलेला कागद दुसऱ्या दिवशी खोटा वाटे. कडा फार काळा होई, सावली फार निळी होई. चौथ्या दिवसापासून मी रंग कमी घेऊ लागलो. जे कळत नव्हते, ते मी तसेच सोडून दिले. आठव्या दिवशी कागदावर सपाट माथा, दोन कडे, एक घळ आणि पुष्कळसा कोरा कागद एवढेच होते. चित्र म्हणून त्याची किंमत काही नव्हती, हे मी जाणून आहे.

मी ते वाळवीत बसलो असताना शेळ्या घेऊन जाणारा एक म्हातारा गुराखी मागे येऊन उभा राहिला. तो मला ओळखत नव्हता. मीही त्याला ओळखत नव्हतो. त्याने बराच वेळ एकदा चित्राकडे आणि एकदा डोंगराकडे पाहिले. मग काठीचे टोक कागदाच्या जरा वर धरून तो म्हणाला, "थे नाल्याची घय अजून उजव्या अंगाले पाह्यजे, भाऊ."

मी वर पाहिले. त्याचे म्हणणे खरे होते. घळ खरोखरच थोडी उजवीकडे होती.

आयुष्यात मला बक्षिसे थोडीफार मिळाली आहेत. परंतु त्या वाक्याइतका आनंद कशानेही झाला नाही. कारण कोणाच्याच नसलेल्या डोंगरातील घळ कोणी दुरुस्त करीत नाही. त्या म्हाताऱ्याने माझी चूक दाखविली, ती तो डोंगर त्याने ओळखला म्हणून. 'हा डोंगर कोनाचा हाये?' या प्रश्नाला पन्नास वर्षांनी का होईना, मला उत्तर देता आले होते. ऐकावयास आबा नव्हते, एवढेच.

ते आठव्या दिवसाचे चित्र मी भिंतीवर लावलेले नाही. ते मेजाच्या खणात आहे. त्यातली घळ अजून दुरुस्त व्हावयाची आहे आणि येत्या आश्विनात मला पुन्हा बांधावर जावयाचे आहे.